किती थंड, की कशापेक्षा थंड?

एप्रिल उजाडला की कोल्हापुरात घरोघरी कोकणात जाण्याचे बेत सुरू होतात. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून मालवण, नाहीतर मलकापूरवरून आंबा घाटाने रत्नागिरी. पूर्वी या प्रवासात फिरकीचा तांब्या असे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली असे. अलीकडे गाडीच्या डिकीत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. मोटारीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, हातात धरून नेता येणारा छोटा विजेचा फ्रीज.

या वस्तूचे आणि तिच्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रकाचे परीक्षण करावे, असे आम्हांला गेल्या मे महिन्यातील एका सहलीनंतर वाटले. आमच्यापैकी एका सरांनी असा डबा नुकताच घेतला होता. कोणत्या कंपनीचा, हे येथे महत्त्वाचे नाही. या प्रकारच्या बहुतेक डब्यांच्या माहितीपत्रकांत तीच तीन विधाने थोड्याफार फरकाने आढळतात. पहिले, डबा सभोवतालच्या तापमानापेक्षा २० अंशांपर्यंत थंड होतो. दुसरे, तो गाडीच्या बॅटरीवर अत्यल्प विजेत चालतो. तिसरे, प्रवासात अन्न ताजे आणि औषधे सुरक्षित राहतात. पहिली दोन विधाने बहुधा खरी असतात. तिसरे त्यांच्यातून निघत नाही. हे कसे, ते पाहू.

सहलीत काय झाले

तीन कुटुंबे, दोन गाड्या. डब्यात दुधाच्या दोन पिशव्या, ताकाची बाटली आणि थोडी फळे होती. सरांच्या आईंना मधुमेह असल्याने त्यांचे इन्सुलिनही त्यातच ठेवायचे ठरले होते. निघताना आईंनी एकच प्रश्न विचारला, "गाडी बंद केली की ह्ये बी बंद पडतंय काय रं?" आम्ही तिघे विज्ञानाचे शिक्षक. तिघांनाही उत्तर ठाऊक नव्हते, कारण तिघांनीही तो विचारच केला नव्हता. आईंनी मग नेहमीचा रुंद तोंडाचा थर्मास काढला, तळाशी बर्फाचे तुकडे भरले, इन्सुलिन कोरड्या फडक्याच्या दोनतीन घड्यांत गुंडाळून वर ठेवले आणि थर्मास मांडीवर घेऊन बसल्या.

आम्ही शाळेतला तापमापक डब्यात ठेवला होता. घाट उतरेपर्यंत गाडीत वातानुकूलन चालू होते, आतली हवा २६ अंशांच्या आसपास होती आणि डब्यात ९ अंश दिसत होते. सर्वजण खूश झाले. कणकवलीला जेवायला थांबलो. गाडी उन्हात, किल्ली खिशात. दीड तासाने परत आलो तेव्हा डब्यात १९ अंश होते. गाडी सुरू झाल्यावर पारा खाली येऊ लागला खरा, पण मालवणला पोचेपर्यंत १५ च्या खाली गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तापवताना एका पिशवीतले दूध नासले. थर्मासमध्ये मात्र रात्रीपर्यंत बर्फाचे तुकडे शिल्लक होते.

डबा बिघडलेला होता का? मुळीच नाही. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणेच तो वागला. चूक वाचणाऱ्यांची, म्हणजे आमची होती.

पहिले विधान : २० अंश कमी

'२० अंश' हा आकडा वाचल्याबरोबर मनात थंडगार चित्र उभे राहते. पण हे तापमान नव्हे, हा तापमानांतील फरक आहे. पन्हाळ्यावर डिसेंबरच्या रात्री हवा १५ अंश असेल, तर हा डबा गोठणबिंदूपर्यंतही जाऊ शकेल, पण तेव्हा त्याची गरज कोणाला? मे महिन्यात हवा ३८ अंश असेल तेव्हा तोच डबा फार तर १८ अंशांवर थांबेल. उन्हात बंद उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी अधिक तापते. म्हणजे आतली हवा ५५ अंशांच्या घरात गेली, तर डबा चालू असला तरी त्याची मजल ३५ अंशांपर्यंत! गरज जितकी जास्त तितकी कामगिरी कमी, असे हे विचित्र गणित आहे.

हे असे का होते ते कळायला डब्याच्या पोटात डोकावले पाहिजे. घरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो, नळ्यांतून खेळणारा द्रव असतो. या डब्यात यांपैकी काहीच नाही. १८३४ साली झां पेल्तिए या फ्रेंच संशोधकाला आढळले, की दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून वीज वाहू दिली तर एक सांधा थंड होतो आणि दुसरा गरम. मूळचा हा गृहस्थ घड्याळे बनवणारा होता. १८३८ मध्ये लेन्झ यांनी बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. पण धातूंमध्ये हा परिणाम फार दुबळा. १९५० नंतर बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक हाती आला, तेव्हा कोठे त्याचा व्यवहारात उपयोग होऊ लागला. आजच्या डब्यात दोन चिनीमातीच्या चकत्यांमध्ये या अर्धवाहकाचे बारीक ठोकळे बसवलेले असतात. वीज सोडली की इलेक्ट्रॉन आतल्या चकतीकडील उष्णता घेऊन बाहेरच्या चकतीकडे टाकतात आणि पंखा ती हवेत उडवतो. प्रवाहाची दिशा उलटी केली तर आत उष्णता येते. म्हणूनच हा डबा जेवण गरमही ठेवू शकतो.

आता विहीर उपसण्याचे उदाहरण घ्या. मोटेने पाणी उपसू लागलो की पातळी खाली जाते. पातळी जितकी खाली जाईल तितके झरे जोराने आत येतात. एक वेळ अशी येते की मोट जितके काढते तितकेच झरे आणतात. मग दिवसभर मोट हाकली तरी पातळी हलत नाही. डब्याचेही तसेच आहे. आतबाहेरच्या तापमानांतील फरक वाढेल तसतशी भिंतीतून आत झिरपणारी उष्णता वाढते. साधारण २० लिटरच्या डब्याला दोनतीन सेंटिमीटर जाडीचा फोम असतो. २० अंशांच्या फरकाला त्याच्या भिंतींतून आणि झाकणाच्या फटींतून ठोकळमानाने १० ते १५ वॅट उष्णता आत येते. त्यातच पेल्तिए चकत्यांतून जाणारी वीज स्वतःच उष्णता निर्माण करते आणि गरम बाजूची उष्णता त्याच ठोकळ्यांतून मागे येते. या सर्वांचा तोल २० अंशांच्या आसपास साधतो. झऱ्यांनी मोटेला गाठलेले असते.

दोन जातींची थंडी

येथे आम्हांला वर्गात शिकवण्याजोगा एक मुद्दा सापडला. थंड करणाऱ्या साधनांच्या दोन जाती आहेत. काही साधने ठराविक फरक राखतात, काही ठराविक तापमान राखतात.

पहिल्या जातीत हा डबा येतो आणि आपला माठही येतो. माठातून झिरपलेले पाणी वाफ होताना दर ग्रॅमला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. माठात ५ लिटर पाणी असेल आणि १०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले, तर उरलेले पाणी ११ अंशांपर्यंत थंड होऊ शकते, तेही फुकटात. पण माठ हवेवर अवलंबून असतो. कोल्हापुरात एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवा ३६ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २१-२२ अंशांपर्यंत उतरतो. माठाची मर्यादा तीच. घाट उतरून मालवणला गेलो, हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के झाली, की हीच मर्यादा २८ वर जाते. माठ तोच आणि पाणीही तेच, तरी घाट उतरल्यावर ते कोमट लागते.

दुसऱ्या जातीत बर्फ येतो. बाहेर ३० अंश असोत की ५० अंश, वितळणारा बर्फ शून्य अंशावरच राहतो. ऊन वाढले तर तो लवकर संपतो, पण संपेपर्यंत आपले तापमान सोडत नाही. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. आपला डबा सेकंदाला १५ ज्यूल उपसतो असे धरले, तर तेवढीच उष्णता उपसायला त्याला सहा तासांहून अधिक वेळ लागेल. आईंच्या थर्मासाने डब्याला का हरवले, याचे उत्तर या भागाकारात आहे.

आपल्यापैकी अनेकांनी बर्फाच्या या गुणावर आधारलेली एक पेटी जवळून पाहिली आहे. पल्स पोलिओची मोहीम आपल्या देशात १९९५ साली सुरू झाली. त्या रविवारी शाळाशाळांतून बूथ लागत आणि टेबलावर निळ्या किंवा लाल रंगाचा लसवाहक डबा असे. त्याला ना वायर, ना बॅटरी. जाड फोमच्या भिंती आणि चार बाजूंना पाणी गोठवलेल्या चार सपाट बाटल्या. एवढ्यावर लस दिवसभर थंड राहत असे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात या साध्या डब्याचाही वाटा आहे. त्यात आणखी एक शहाणपण आहे. काही लसी गोठल्या तर निकामी होतात. म्हणून फ्रीझरमधून काढलेल्या बर्फाच्या बाटल्या लगेच आत ठेवत नाहीत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत त्या बाहेर ठेवतात. म्हणजे त्या शून्य अंशावर आल्या, याची खात्री कानाने होते.

दुसरे विधान : अत्यल्प वीज

डब्यावर ४८ वॅट लिहिले आहे. घरातल्या पंख्याएवढीच ही वीज झाली. पण प्रश्न किती वीज लागते एवढाच नसून त्या विजेत काम किती होते, हाही आहे. ४८ वॅट घेऊन १५ वॅट उष्णता उपसली, तर एका ज्यूल विजेमागे जेमतेम एक तृतीयांश ज्यूल काम झाले. चांगला कॉम्प्रेसर एका ज्यूलमागे एकाहून अधिक ज्यूल उष्णता उपसतो.

शिवाय ४८ वॅट म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर. लहान मोटारीची बॅटरी ४० अँपिअर-तासांची धरली, तर गाडी बंद ठेवून डबा पाच तास चालवल्यावर ती निम्मी रिकामी होते. रात्रभर ठेवला तर सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल! हे टाळण्यासाठीच अनेक गाड्यांत किल्ली काढली की सॉकेटचा पुरवठा बंद होतो. आमच्या गाडीत तेच घडले होते. आईंच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' होते आणि ते गाडीच्या माहितीपुस्तकात छापलेले होते.

तिसरे विधान : ताजे आणि सुरक्षित

अन्न थंड ठेवतो ते कशासाठी? वेळ मिळवण्यासाठी. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध समोर काढून देतात. तेथे फ्रीज लागत नाही, कारण धार आणि पेला यांच्यामध्ये वेळच जात नाही. तेच दूध गावातून शहरात, शहरातून पुण्या-मुंबईला जायचे असेल तर वेळ हवा. १९६३ साली स्थापन झालेल्या आपल्या जिल्हा दूध संघाच्या, म्हणजे 'गोकुळ'च्या, सगळ्या व्यवहाराचा पाया हाच आहे. काढलेले दूध शक्य तितक्या लवकर ४ अंशांच्या आसपास आणायचे आणि तेथेच ठेवायचे. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानतात. डब्यातले १५ किंवा १९ अंश हाताला गार लागतात, पण ते या पट्ट्याच्या आतच असतात. आपली बोटेसुद्धा फरकच मोजतात, तापमान नव्हे. उन्हातून आलेल्या हाताला १९ अंशांचे दूध थंडच लागणार.

औषधांच्या बाबतीत हा गैरसमज महागात पडू शकतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, पण ही मर्यादा बहुधा २५ ते ३० अंशांची असते आणि ती औषधाच्या वेष्टनावर दिलेली असते. ते गोठूनही चालत नाही. आमच्या डब्यातले १९ अंश दीड तासात इन्सुलिन बिघडवणार नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. धोका वेगळाच आहे. 'फ्रीजमध्ये आहे' या भरवशावर माणूस ते तापलेल्या गाडीत दिवसभर सोडून जातो. उष्णतेने गुण गमावलेले इन्सुलिन अनेकदा पाहून ओळखता येत नाही. ते कळते रक्तातली साखर वाढल्यावर. साधा डबा असता तर कोणी औषध गाडीत ठेवलेच नसते. धोका 'फ्रीज' या नावातून येतो.

मग ही वस्तू टाकाऊ आहे का?

नाही. तिच्यात पंख्याखेरीज हलणारा भाग नाही, वायू गळण्याची भीती नाही, ती तिरकी झाली तरी चालते, हलकी आहे आणि स्वस्तही आहे. घरच्या फ्रीजमध्ये आधी थंड केलेल्या वस्तू तिच्यात भरल्या, वातानुकूलित गाडीत सीटपाशी सावलीत ठेवली आणि रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठोसून भरल्या, तर ती चांगली सेवा देते. मात्र कोमट पाण्याच्या पाच बाटल्या तिच्यात घालून वाट पाहत बसू नये. ५ लिटर पाणी ३० वरून १० अंशांवर आणायला ४२० किलोज्यूल उपसावे लागतात. २० वॅटने, गळती शून्य धरली तरी, त्याला जवळजवळ सहा तास होतात. तोवर मालवण येऊन गेलेले असते.

ज्यांना जंगलात तंबू ठोकून दोनचार दिवस राहायचे आहे, त्यांच्यासाठी कॉम्प्रेसरचे लहान फ्रीज मिळतात. ते खऱ्या अर्थाने दुसऱ्या जातीचे आहेत. ४ अंश ठरवले की बाहेर ३५ अंश असले तरी ४ अंश राखतात, आणि तापमान गाठले की थांबतात, म्हणून एकूण वीज कमी खातात. बॅटरी फार उतरली की आपोआप बंद होण्याची सोयही बहुतेकांत असते. पण ते जड आहेत आणि कित्येक पटींनी महाग आहेत. वर्षातून एकदा कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने ते घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना जाड भिंतीची पेटी आणि दोन किलो बर्फ पुरे.

आमचा आक्षेप वस्तूपेक्षा माहितीपत्रकावर आहे. 'सभोवतालपेक्षा २० अंश कमी' हे बारीक अक्षरात आणि 'फ्रीज' हे ठळक अक्षरात छापायचे, ही त्याची रीत. या पत्रकात एकच ओळ वाढवली असती, 'हवा ४० अंश असताना आत २० अंश', तर कोणाचीच फसगत झाली नसती.

आणि थोडा आक्षेप आमच्यावरही आहे. आम्ही फळ्यावर वर्षानुवर्षे लिहीत आलो, की फ्रीज थंडी निर्माण करतो. थंडी कोणीच निर्माण करत नाही. उष्णता एका जागेहून उपसून दुसरीकडे टाकली जाते आणि त्या उपशाला मोल पडते. हे वाक्य आम्ही नीट शिकवले असते, तर पत्रक वाचताना ते आम्हांलाही आठवले असते.

यावर वर्गात करण्याजोगा प्रयोग सोपा आहे. चार सारख्या बाटल्यांत सारखे पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळा, तिसरी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा, चौथी तशाच खोक्यात अर्धा किलो बर्फासह ठेवा. दर अर्ध्या तासाने पाण्याचे आणि हवेचेही तापमान लिहा. मग मुलांना दोन आलेख काढायला सांगा, एक तापमानाचा आणि दुसरा हवेशी असलेल्या फरकाचा. हाच प्रयोग एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैच्या पावसात करा. कोणती बाटली ऋतूबरोबर बदलते आणि कोणती बदलत नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

यंदाच्या मे महिन्यात सरांचा डबा पुन्हा आमच्याबरोबर असेल. त्यात फळे आणि ताक असेल, शिवाय चार गोठवलेल्या बाटल्या. इन्सुलिन मात्र आईंच्या थर्मासातच.